वजा करत गेलं की बाकी

हा अल्बम ऐकताना पहिलं काम बोटाला लागतं. आवाज वाढवावा लागतो. मी एकदा वाढवला, परत वाढवला, तिसऱ्यांदा वाढवला, तेव्हा फोनने ती नेहमीची सूचना दाखवली की इतक्या मोठ्या आवाजात ऐकणं कानांना बरं नाही. गंमत म्हणजे कानात मोठं असं काही वाजतच नव्हतं. गिटारची एक तार, तिच्यामागे बराच वेळ काहीच नाही, आणि एक पुरुष अगदी जवळ तोंड आणून काहीतरी सांगतोय. मग ड्रमवर एक ठोका पडला आणि मी दचकून आवाज कमी केला. पुढे अल्बमभर माझं बोट हेच करत राहिलं. वर, खाली, वर.

अल्बमचं नाव ‘तोर्नारे नेल्ला तेर्रा’. साल 2005. बँडचं नाव बाकी दा पिएत्रा. माणसं दोनच. जोव्हान्नी सुच्ची गातो आणि गिटार वाजवतो (गातो म्हणावं का, ते पुढे बघू). ब्रूनो दोरेल्ला ड्रम वाजवतो. अल्बम काढला वॉलेस रेकॉर्ड्स या मिलानकडच्या एका छोट्या, स्वतंत्र लेबलने. इटलीच्या बाहेर फार कमी लोकांनी तो ऐकला असेल. आता तो आपल्या फोनवर मिळतो, पण मिळणं आणि सापडणं यात फरक आहे. तुमच्यापर्यंत तो कुठलाही अल्गोरिदम आणून देईल असं मला वाटत नाही.

पहिला अल्बम असला तरी दोघंही नवखे नव्हते. सुच्ची आधी माद्रिगाली माग्री नावाच्या बँडमध्ये होता. माद्रिगाल हा 16व्या शतकात इटलीत भरात आलेला गायनप्रकार. त्यात चार-पाच आवाज एकमेकांत गुंफत जातात. ‘माग्री’ म्हणजे कृश, हडकुळे. म्हणजे अंगावरचं मांस उतरवलेले माद्रिगाल. वजाबाकी तिथेच सुरू झाली होती. दोरेल्ला तोवर दोन अगदी वेगळ्या ठिकाणी वाजवत होता. रोनिन या गाण्याविना वाजणाऱ्या बँडमध्ये तो गिटारवर असायचा, आणि ओव्हो या कर्कश जोडीत ड्रमवर. ओव्होकडे मी नंतर परत येणार आहे, कारण माझ्या तक्रारीचं उत्तर तिथे आहे.

म्हणजे हा अल्बम करताना दोघांकडे काढून टाकण्यासारखं पुष्कळ होतं. नवख्याचा साधेपणा हा बऱ्याचदा नाइलाज असतो. इथे तसं नाही. इथे जे नाही, ते येत असूनही ठेवलेलं नाही.

आता नाव. इटालियनमध्ये रेशीमकिड्यांना ‘बाकी दा सेता’ म्हणतात. सेता म्हणजे रेशीम. त्यातला एकच शब्द बदलून या दोघांनी ‘बाकी दा पिएत्रा’ केलं. पिएत्रा म्हणजे दगड. दगडकिडे. पाल्यावर जगून मऊ धागा काढणारा किडा आपल्याला माहीत आहे. दगडावर जगणारा किडा काय खाणार आणि काय काढणार? विनोद आहे, पण कोरडा. त्यात इतिहासही आहे. सुच्ची ज्या भागातला, तो उत्तर इटलीतला पिएमोंते, तिथलं रेशीम एके काळी युरोपभर नावाजलेलं होतं. शेतकऱ्यांच्या घरांत, बहुतेक बायकांच्या हातांनी, हे किडे तुतीच्या पाल्यावर वाढवले जायचे. शेवटी कोष गरम पाण्यात टाकायचे, आतला जीव मरायचा आणि धागा सुटायचा. ज्या मातीत मऊपणाचा धंदा असा चालला, त्या मातीतल्या माणसाच्या या जोडीने स्वतःला दगडाचे किडे म्हणवून घेतलं.

आणि योगायोग असा की उच्चार ‘बाकी’ होतो. त्याचा आपल्या बाकीशी काही संबंध नाही. पण मराठी कानाला ते ऐकू येतंच, आणि एकदा ऐकू आलं की जात नाही. सगळं वजा करून झाल्यावर उरते ती बाकी. या बँडचं इतकं नेमकं वर्णन मला दुसऱ्या कुठल्या भाषेत करता आलं नसतं.

या अल्बमबद्दल लिहायचं आणखी एक कारण आहे, आणि ते कबुलीसारखं आहे. मला तो कॉलेजात असताना सापडला आणि मी तो मिरवला. खोलीत कुणी आलं की लावायचा. ‘काय लावलंयस?’ असं विचारलं की ‘इटालियन अंडरग्राउंड’ म्हणून सांगायचं. ‘डार्क’ हा शब्द तेव्हा आम्ही सगळ्यावर चिकटवायचो. डार्क सिनेमा, डार्क विनोद, डार्क चॉकलेट. काळोख ही एक आवड होती, काळा टी-शर्ट असतो तशी. घरात काही वाईट घडलेलं नसलं की काळोख आवडून घेणं सोपं असतं.

मग मोठे काका गेले, आणि आम्ही गावी मातीला गेलो.

इथे जरा थांबते, कारण अल्बमच्या नावाचा प्रश्न इथेच सुटतो. ‘तेर्रा’ म्हणजे जमीन, माती, पृथ्वी. ‘तोर्नारे’ म्हणजे परतणं. इटालियनमध्ये ‘तोर्नारे आल्ला तेर्रा’ असं म्हटलं तर अर्थ होतो मातीकडे परतणं, शहर सोडून शेतीकडे जाणं. सरकारी योजनेला किंवा सेंद्रिय भाज्यांच्या दुकानाला शोभेल असं ते वाक्य आहे. पण अल्बमवर ‘आल्ला’ नाही, ‘नेल्ला’ आहे. ‘कडे’ नाही, ‘आत’. मातीत परतणं. एक छोटा शब्द बदलला आणि शेतातून आपण थेट खड्ड्यात आलो. ज्या हाताने ‘सेता’ काढून ‘पिएत्रा’ ठेवलं, त्याच हाताचं हे काम आहे. सगळं जागच्या जागी ठेवायचं, फक्त एक विट हलवायची.

हा फरक समजायला मला इटालियन फार यावं लागलं नाही. आमच्याकडे ‘मातीला जाणे’ म्हणजे अंत्यविधीला जाणं. दहन असलं तरी शब्द मातीच. ‘उद्या दहाला माती आहे,’ एवढा निरोप येतो आणि पुढचं काही विचारावं लागत नाही. हा अल्बम मी कितीतरी वर्षं ऐकला होता, पण नावातला तो ‘आत’ मला त्या दिवशी अंगणात उभी असताना कळला.

अंगणात पुरुष होते. कडुनिंबाखाली, भिंतीला टेकून, ट्रॅक्टरच्या चाकाशी. सगळे कुजबुजत होते. पण ते काकांबद्दल बोलत नव्हते. लाकडं सांगितली का, पाहुणे कुठवर आले, खांदा कोण देणार. अगदी कामापुरतं, आणि तेही अर्ध्या आवाजात. एक वाक्य व्हायचं, मग बराच वेळ काही नाही, मग कुणी खाकरायचं, मग दुसरं वाक्य. एरवी ज्यांचा आवाज दोन शेतं ओलांडून जातो, अशी ही माणसं. त्यांना आवाज खाली घ्या असं कुणी सांगितलं नव्हतं. मरणाशेजारी उभं राहायची एक रीत असते, आणि ती सगळ्यांच्या अंगात असते.

परत आल्यावर बऱ्याच दिवसांनी मी हेडफोन लावून हा अल्बम ऐकला, आणि मला तेच अंगण ऐकू आलं. माझं या अल्बमबद्दलचं म्हणणं एवढंच आहे. इथला मोजकेपणा ही सजावट नाही, रीत आहे. दोन माणसं कशाच्या तरी शेजारी उभी आहेत आणि म्हणून आवाज खाली घेऊन, कामापुरतं तेवढंच वाजवतायत.

हे नुसतं माझं भावुक होणं आहे की खरंच वाजण्यात आहे, हे तपासून पाहू.

2005च्या आसपास दोन माणसांचा रॉक बँड ही काही नवलाची गोष्ट नव्हती. द व्हाइट स्ट्राइप्सचा पहिला अल्बम 1999चा, द ब्लॅक कीजचा 2002चा. गिटार आणि ड्रम, बेस नाही, ब्लूजचा पाया. कागदावर बाकी दा पिएत्राही तेच आहेत. पण बेस नसल्यामुळे पडणारी पोकळी बाकीच्या जोड्या भरून काढतात. गिटार जाड करतात, ड्रम दणकट करतात, दोघांनी मिळून चौघांचा गोंगाट कसा केला याचं कौतुक होतं. सुच्ची आणि दोरेल्ला ती पोकळी तशीच ठेवतात. बेसच्या जागी काही नाही आणि ते काही नसणं ऐकू येतं. जेवायला बसल्यावर एका माणसाचा पाट रिकामा राहावा, तसं.

गिटार बहुतेक वेळ एखादी छोटी आकृती धरून बसते. चार-पाच स्वर, परत तेच, परत तेच. ब्लूजची ओळख त्यात आहे, पण ब्लूजमध्ये जो एक दिलासा असतो, ठरावीक मात्रांनंतर घरी परत येण्याचा, तो नाही. आकृती फिरत राहते आणि घर येत नाही. ड्रमचं तर विचारूच नका. रॉकमधला ड्रमर सहसा गाणं पुढे ढकलत असतो. दोरेल्ला ढकलत नाही, खुणा करतो. इथे एक ठोका, इथे झांजेला नुसता स्पर्श, इथे काही नाही. फावड्याने माती उकरताना दोन घावांमध्ये माणूस दम घेतो, तेवढं अंतर त्याच्या दोन ठोक्यांत असतं.

हळू सुरू होऊन मोठ्याने फुटायचं, ही युक्ती या प्रकारच्या संगीतात जुनी आहे. अमेरिकेतल्या स्लिंट या बँडने 1991च्या ‘स्पायडरलँड’मध्ये ती अशी वापरली की पुढच्या दोन पिढ्या तिच्यावर जगल्या. कुजबुज, ताण, मग किंकाळी. किंकाळी आली की ऐकणाऱ्याची सुटका होते. बाकी दा पिएत्राच्या या अल्बमवर ताण आहे, पण सुटका जवळजवळ नाही. अधूनमधून आवाज उसळतो, पण त्याने काही मोकळं होत नाही. काकांच्या अंगणातही कुणी फुटलं नव्हतं. निदान पुरुषांपैकी तरी कुणी नाही.

आता सुच्चीचा आवाज. इटालियन गाणं म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? छाती फुगवून गाणारा ऑपेराचा गायक. किंवा 1958 साली सानरेमोच्या मंचावर हात पसरून ‘वोलारे’ गाणारा दोमेनिको मोदुन्यो. ती भाषाच पूर्ण गळ्याने गायला घडवल्यासारखी आहे. तिच्यातला जवळजवळ प्रत्येक शब्द स्वरावर संपतो. आपण ‘घर’ म्हणतो तेव्हा र पाशी थांबतो. इटालियन माणूस ‘काझा’ म्हणतो आणि शेवटचा आ बाहेर सांडतो. ऑपेराला हे सोयीचं आहे. रॉकला फार गैरसोयीचं. रॉकचा ठोका तुटक, छोट्या शब्दांवर बसतो, आणि इटालियन शब्द लांब, गोल आणि उघडे. इटलीतल्या रॉकवाल्यांना हा प्रश्न कायम छळत आलाय. काहींनी इंग्रजी धरलं. काहींनी गाणंच सोडलं आणि बोलायला लागले. बोलोन्याच्या मास्सिमो व्होल्युमे या बँडचा 1995चा ‘लुंगो इ बोर्दी’ हा अल्बम त्या वाटेवरचा मोठा टप्पा. त्यात एमिदिओ क्लेमेंती वाद्यांवर जवळजवळ गद्यच म्हणतो.

सुच्ची आणखी एक पायरी खाली उतरतो. तो कुजबुजतो, घोगरं पुटपुटतो. कुजबुजताना काय होतं, हे स्वतः करून बघा. गळ्यावर दोन बोटं ठेवा आणि ‘तेर्रा’ म्हणा. थरथर लागेल. आता तेच कुजबुजत म्हणा. थरथर बंद. स्वरतंतू हलत नाहीत, म्हणून स्वरांना सूर राहत नाही, फक्त हवा राहते. व्यंजनं मात्र शाबूत राहतात. त, र, स, क. म्हणजे स्वरांनी ओथंबलेल्या भाषेतून सुच्ची स्वरच काढून घेतो, आणि खाली खडबडीत व्यंजनं उरतात. ती दोरेल्लाच्या ठोक्यांशी जाऊन बसतात. ऐकत राहिलं की लक्षात येतं की या बँडमध्ये ड्रम वाजवणारे दोघं आहेत. ‘गातो म्हणावं का’ या वरच्या प्रश्नाचं उत्तर हे. सुच्ची तोंडाने दगड घासतो.

माझ्यासारखीला, जिला या भाषेतले मोजकेच शब्द कळतात, अल्बममध्ये शिरायला हेच दार आहे. ओळींचा अर्थ कळण्याच्या आधी त्यांचं वागणं कळतं. श्वास कुठे घेतला, कुठे शब्द गिळला, कुठे एखादा शब्द दोनदा चावला. अंगणातल्या कुजबुजीतलेही सगळे शब्द मला ऐकू आले नव्हते.

या अल्बमचा प्रदेश डोळ्यांसमोर आणायचा, तर पर्यटनाच्या जाहिरातीतली इटली विसरावी लागेल. विसरणं अवघड आहे, कारण आस्तीच्या आसपासचा प्रदेश, मोनफेर्रातो आणि शेजारचं लांगे, फारच सुंदर आहे. टेकड्यांवर द्राक्षांच्या ओळी, वर चर्च, खाली धुकं. 2014 साली युनेस्कोने इथल्या द्राक्षमळ्यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. त्या वारशात एक गोष्ट जमिनीखालची आहे. मोनफेर्रातोच्या काही गावांत घरांखाली दगडात हाताने खोदलेल्या छोट्या खोल्या आहेत. त्यांना ‘इन्फेर्नोत’ म्हणतात. उजेड नाही, हवा खेळत नाही, तापमान वर्षभर जवळजवळ सारखं. त्यात वाइनच्या बाटल्या ठेवतात. शेतकऱ्यांनी हिवाळ्यात, मळ्यात काम नसताना, दगड पोखरून त्या केल्या. बँडच्या नावाशी त्यांचा संबंध आहे असा माझा दावा नाही. पण दगडकिडे म्हटल्यावर माझ्या मनात आता तेच लोक येतात. वर युनेस्कोचा हिरवा उतार, आणि खाली अंधारात कुणीतरी दगड खरवडतंय.

याच टेकड्यांतल्या सान्तो स्तेफानो बेल्बो गावी 1908 साली चेझारे पावेझे जन्मला. त्याची शेवटची कादंबरी ‘ला लूना ए इ फालो’, म्हणजे चंद्र आणि होळ्या, 1950 साली आली, आणि त्याच वर्षी त्याने आत्महत्या केली. कादंबरीत एक माणूस अमेरिकेतून पैसा करून या टेकड्यांमध्ये परततो. परतून काय सापडतं, तर ओळखीची माणसं मेलेली, आणि रात्री होळ्या पेटवल्या की जमीन जागी होते हा जुना समज अजून जिवंत. परतता येतं, पण जिथे परतायचं ते तिथे नसतं. पावेझेने जे लांब वाक्यांत केलं, ते हा अल्बम चार स्वरांत करतो असं म्हणायचा मोह मला होतो. तो मी आवरते, कारण दोघांची कामं वेगळी आहेत. पावेझेला माणसं आठवतात. हा अल्बम कुणालाच आठवत नाही. तो फक्त उकरतो.

आता तक्रारी. एक छोटी, एक मोठी.

छोटी ही, की अल्बम मध्यावर जड होतो. कुजबुज ही रीत असते तोवर ठीक, तिची सवय झाली की तिची धार जाते. काही ठिकाणी मला वाटतं की सुच्ची आता आवाज खाली ठेवतोय, कारण या अल्बमवर आवाज खाली ठेवायचा ठरलाय. संध्याकाळी गर्दीच्या लोकलमध्ये तर हा अल्बम नाहीसाच होतो. हेडफोनमधून गाडीचा खडखडाट तेवढा ऐकू येतो. हा दोष अल्बमचा की लोकलचा, ते तुम्ही ठरवा.

मोठी तक्रार अशी. मी अंगणात उभी होते असं लिहिलं, पण ते पूर्ण खरं नाही. मी उंबऱ्यात होते. अर्धी बाहेर, अर्धी आत. आत बायका होत्या, आणि आत कुणीही कुजबुजत नव्हतं. गल्लीच्या तोंडाशी नवी पाहुणी दिसली की आतून हंबरडा फुटायचा. ती येऊन काकूच्या गळ्यात पडायची आणि दोघी हेल काढून रडायच्या. रडताना काकांनाच विचारायच्या: आता कुणाच्या तोंडाकडे बघू, परवा फोनवर बोललास ना रे, पोरीचं लग्न ठरवून गेलास ना रे. त्यात सूर होता, लय होती, हिशेब होता, भांडणसुद्धा होतं. तीही रीतच. दहा मिनिटांनी त्याच बायका डोळे पुसून चहाचं आधण ठेवायच्या, आणि पुढची पाहुणी आली की परत.

अंगण आणि माजघर मिळून एक माती पूर्ण होते. ‘तोर्नारे नेल्ला तेर्रा’मध्ये फक्त अंगण आहे. माजघर नाही.

हे फक्त आपल्याकडचं म्हणून सोडून देता येत नाही. इटलीतही ते होतं. एर्नेस्तो दे मार्तिनो या अभ्यासकाने दक्षिणेतल्या लुकानियाच्या खेड्यांमधल्या बायकांच्या विलापांचा अभ्यास केला. त्यावरचं त्याचं पुस्तक 1958 साली आलं. मरणाने माणूस मोडून पडू नये, म्हणून रडण्याला ठरावीक चाल, ठरावीक हालचाल आणि ठरावीक शब्द कसे दिले जातात, हा त्याचा विषय. म्हणजे रडणं हे कोसळणं नसतं, कोसळण्यापासून वाचायची ती पद्धत असते. हे वाचल्यावर सुच्चीची कुजबुज मला थोडी अपुरी वाटायला लागली. उत्तरेकडची, पुरुषांची, आवंढा गिळणारी अर्धी रीत. तिच्यात घनता आहे, पण त्या घनतेला आपण फार लवकर खोली म्हणतो. गप्प पुरुष खोल आणि रडणारी बाई बटबटीत, हा हिशेब आपल्या सगळ्या ‘डार्क’ आवडींमध्ये न बोलता चालू असतो. माझ्या कॉलेजातल्या मिरवण्यातही तो होता.

आणि इथे ओव्हो येतं. ओव्हो हीसुद्धा जोडीच, 2000 साली सुरू झालेली. ड्रमवर दोरेल्ला, आणि त्याच्या समोर गिटार घेऊन स्तेफानिया पेद्रेत्ती. पेद्रेत्ती किंचाळते, घशातून गुरगुरते, रडते, विव्हळते. शब्द असले तरी ते शब्द राहत नाहीत. मी तक्रार मनात घोळवत असतानाच ओव्हो ऐकलं आणि मला हसू आलं. जे माजघर मी या अल्बममध्ये शोधत होते, ते याच ड्रमरच्या दुसऱ्या बँडमध्ये होतं. एकच माणूस दोन घरांत वाजवत होता. एका घरात तो कुजबुजणाऱ्या पुरुषाला ठोके देतो, दुसऱ्यात किंचाळणाऱ्या बाईला. दोन्हीकडे माणसं दोनच, दोन्हीकडे सामान मोजकंच. ‘तोर्नारे नेल्ला तेर्रा’ ऐकून झालं की ओव्होचं काहीतरी लावा, अशी माझी शिफारस आहे. दोन्ही मिळून उंबऱ्यात उभं राहिल्यासारखं होतं.

बाकी दा पिएत्रा नंतर कुजबुजत राहिले नाहीत. ‘नोन इओ’ (2007) म्हणजे ‘मी नाही’. बेकेटच्या ‘नॉट आय’ या नाटकाचं इटालियन नावही हेच. ‘तार्लो तेर्झो’ (2008) म्हणजे तिसरा तार्लो. तार्लो म्हणजे लाकूड पोखरणारा किडा, आणि मनात शिरलेला, पिच्छा न सोडणारा विचारसुद्धा. आपण डोक्यात भुंगा शिरला म्हणतो, अगदी तो. मग ‘क्वार्झो’ (2010), म्हणजे क्वार्ट्झ, गारेचा दगड. आणि 2013 साली ‘क्विंताले’. हा शब्द आपल्याला बाजार समितीच्या कांद्याच्या भावामुळे पाठ आहे: क्विंटल, शंभर किलो. त्या अल्बमवर गिटार खरोखर क्विंटलभर वजनाची आहे. पुढच्या ‘नेक्रोइदे’वर (2015) तर ते थेट मेटलकडे सरकले. त्यामुळे पहिल्या अल्बमची कुजबुज ही कुवतीची मर्यादा नव्हती, हे आता पुराव्यानिशी म्हणता येतं. जोर होता. तो बाहेर, चपलांजवळ ठेवला होता.

मला त्यांचे ते जड अल्बम आवडतात, पण मी परत येते ती इथेच. काका जाण्याआधी मी हा अल्बम काळोखासाठी ऐकायचे. आता कशासाठी ऐकते, त्याला शब्द नाही. काका गेल्यानंतर माझ्या अनेक लाडक्या ‘डार्क’ गोष्टी एकदम हास्यास्पद झाल्या. त्यांचा काळोख विकत आणलेला होता. ‘तोर्नारे नेल्ला तेर्रा’ तेव्हा पडला नाही. त्याने समजूत घातली नाही, ‘होईल सगळं नीट’ म्हटलं नाही, रडायलाही सांगितलं नाही. अपुरा होता, पण खोटा नव्हता. अंगणातल्या त्या पुरुषांसारखाच. त्यांच्याकडूनही मला जास्त काही हवं होतं, आणि तरी ते तिथे उभे होते हे बरं होतं.

ऐकणार असाल तर रात्री ऐका, हेडफोन लावून, पंखा बंद करून. आणि एक सूचना. अल्बम संपतो तेव्हा तुमच्या फोनचा आवाज कमाल पातळीच्या आसपास असणार, कारण तुम्ही तो तिथवर नेलेला असणार. ॲप थांबत नाही. ते आपल्या मनाने पुढचं काहीतरी लावतं, कुणाचं तरी, चार पट मोठ्याने. परवा मीही विसरले. शेवटचा स्वर विरला, क्षणभर काहीच नव्हतं, आणि मग ते पुढचं गाणं कानात असं कोसळलं की मी हेडफोन उपटून गादीवर फेकला. तो तिथे पडून बराच वेळ बारीक आवाजात नाचत होता.